भराव तुमचा, पाणी शेजारच्याचं

पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते नकाशावर दाखवणाऱ्या निळ्या-लाल पूररेषेवरची सांगलीतली चर्चा ऐकताना वाटतं, आपण सगळे एकाच खोलीत बसून वेगवेगळ्या गोष्टींवर भांडतोय. एक बाजू म्हणते, निळी रेषा म्हणजे सामान्य माणसाच्या जागेवर फिरवलेला नांगर आहे. सात-बारा माझा, घरपट्टी मी भरतो, मग माझ्या जागेत काय बांधायचं हे नकाशावरची रेघ कोण सांगणार? दुसरी बाजू म्हणते, नदीच्या जागेत घुसलात ना, आता भोगा. पाडून टाका सगळं. पहिल्या बोलण्याला मतं मिळतात, दुसऱ्याला टाळ्या. आणि ज्याच्या उंबऱ्यात ते अडलेलं पाणी वळून येतं, तो शेजारी दोघांच्याही बोलण्यात कुठेच नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पूररेषा हवी, आणि आजच्यापेक्षा कडक हवी. पण तिचा कडकपणा आधी भरावाला जाचला पाहिजे, मग भिंतींना. आणि तिची किंमत एकट्या गुंठेवाल्याच्या खिशातून जाता कामा नये. बांधकाम परवाना हा मालक आणि महापालिका या दोघांतला व्यवहार आहे असं गृहीत धरून आपण इतकी वर्षं वाद घातला. पूरपट्ट्यात ते खरं नाही. तिथल्या प्रत्येक परवान्यात शेजारी हा तिसरा पक्ष असतो, मग त्याला कुणी विचारो न विचारो.

आधी रेषा म्हणजे काय ते नीट मांडू, कारण सभांमध्ये याच ठिकाणी सर्वांत जास्त गोंधळ होतो. 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराच्या पातळीवर निळी रेषा आखतात, 100 वर्षांतून एकदाच्या पुराच्या पातळीवर लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथं वाहनतळ, उघडी भाजी मंडई, बाग, स्मशानभूमी अशा गोष्टी चालतात, नवं घर चालत नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार तिथं बांधता येतं, मात्र लाल रेषेच्या पातळीच्या वर 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंचीवर. तेव्हा ‘लाल रेषेच्या आत सगळं बंद’ असं जे माइकवरून सांगितलं जातं ते चूक आहे. ते ऐकून लोक घाबरतात, परवाना मागायलाच जात नाहीत, आणि बिनपरवाना बांधतात. नुकसान दोन्हीकडून.

‘100 वर्षांतून एकदा’ या शब्दांनी तर फारच घोटाळा केलाय. 2005 ला पूर आला, आता पुढचा 2105 ला, असा हिशोब मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलाय. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. घरासाठी 20 वर्षांचं कर्ज काढलंत, तर हप्ते फिटायच्या आत लाल रेषेपर्यंतचा पूर पाहण्याची शक्यता निघते 18 टक्के. निळ्या रेषेचं गणित केलं तर 56 टक्के. कर्ज फिटेपर्यंत घरात पाणी येणार की नाही, हा छापा-काट्याहून थोडा वाईट जुगार झाला. जमीन दाखवणारा एजंट हा आकडा सांगतो का?

सांगलीकराला खरं तर टक्के कळायची गरजच नाही, त्याला फूट कळतात. कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 चा. त्याच्या खांबावरचे फुटांचे आकडे आम्ही लहानपणी पाढ्यांच्या आधी शिकलो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. चाळिशी जवळ आली की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता इथली माणसं गाद्या बांधायला लागतात. आमच्या गल्लीत पाणी पन्नासला येतं. 2005 ला पातळी चोपन्नच्या जवळ गेली, 2019 ला साडेसत्तावन्न, 2021 ला जवळपास पंचावन्न. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर तीन खुणा आहेत. सर्वांत खालची माझ्या कमरेच्या जरा वर येते, मधली छातीपाशी, आणि 2019 ची डोक्याच्या कितीतरी वर, दाराच्या चौकटीच्याही वर. रंगारी दर वेळी विचारतो, “हे झाकू का?” आम्ही तेवढी एक वीतभर पट्टी बिनरंगाची ठेवतो. नवी सून घरात आली तेव्हा तिला देवघराच्या आधी ती भिंत दाखवली होती.

आता समोरच्यांचे मुद्दे. त्यातले काही मला पूर्ण पटतात.

पहिला मुद्दा धरणांचा. पूर माणसांनी आणलाय, मग शिक्षा आमच्या प्लॉटला का? कोयना धरण 105.25 टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफूट), वारणा साडेचौतीसच्या आसपास. ऑगस्टच्या तोंडाशीच ती जवळपास भरून ठेवली आणि मग ढगफुटीसारखा पाऊस आला, तर विसर्ग करण्यावाचून इलाज राहत नाही. पाणी किती साठवायचं आणि कधी सोडायचं हे ठरवणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे. खाली कर्नाटकात कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.60 वरून 524.256 मीटरवर न्यायला आपला विरोध आहे, तो असावा. पण 2019 नंतर राज्य सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं त्या पुराचं मुख्य खापर अलमट्टीवर फोडलं नाही, हेही नाकबूल करून चालणार नाही. आणि समजा, ती समिती साफ चुकली. समजा, सगळा दोष विजापूरकडच्या त्या दरवाजांचा आहे. तरी त्यातून निळ्या पट्ट्यात घर बांधावं असा निष्कर्ष कसा निघतो? उलट, वरून कोयना सोडणारा आणि खालून अलमट्टी अडवणारा दोघेही आपल्या हातात नसतील, तर आपल्या हातात उरतं ते एवढंच, की आपण कुठं आणि किती उंचावर झोपायचं. पाणी कुणी पाठवलं हे ठरायला लवादाची वर्षं जातात. घरात शिरायला त्याला एक रात्र पुरते.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. रेषा आखायच्या आधी लोकांनी रीतसर जागा घेतल्या, दस्त नोंदवले, कर भरले. नंतर एका नकाशानं त्यांची आयुष्याची पुंजी मातीमोल केली. बँक कर्ज देत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही. आणि दुसरीकडे सरकारी रस्त्यांचे, पुलांच्या जोडरस्त्यांचे भराव त्याच पट्ट्यात आडवे पडतात, त्यांना कुठली रेषा आडवी येत नाही. हे सगळं खरं आहे. त्यावर ‘मोबदला देऊ’ म्हटलं तर लोक हसतात, आणि त्यांचं हसणं मी समजू शकतो. हे कृष्णा-कोयनेचं खोरं आहे. कोयना धरणासाठी साठीच्या दशकात जावळी-पाटणची गावंच्या गावं उठली. त्या धरणग्रस्तांची पुढची पिढी पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी अजून धरणं धरून बसते. कृष्णाकाठच्या माणसाला सरकारच्या शब्दाचं मोल ठाऊक आहे. म्हणून पूररेषेच्या बाजूनं बोलणाऱ्यानं आधी हे कबूल करावं, की मालकांचा अविश्वास हा अडाणीपणातून आलेला नाही, अनुभवातून आलाय.

पण अविश्वास सरकारवर असला म्हणून पाण्याचा उतार बदलत नाही. इथं मला भरावाबद्दल सविस्तर बोलायचंय, कारण वादाची खरी गाठ तिथं आहे.

एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यावर पाच फूट मुरूम टाकला, की जिथं पूर्वी पाणी पसरून बसायचं तिथली सुमारे दीड लाख लिटरची जागा संपली. टँकरच्या भाषेत पंधरा टँकर. हे पाणी जाणार कुठं? कुणी म्हणेल, लाखो क्युसेकनं वाहणाऱ्या कृष्णेपुढं पंधरा टँकर म्हणजे किस झाड की पत्ती. बरोबर आहे. एका प्लॉटच्या भरावानं आयर्विनवरचा आकडा केसभरही हलत नाही, आणि हलतो असं मी म्हणणार नाही. नदीला तो भराव दिसतच नाही. पण गल्लीला दिसतो. आमच्याकडं पाणी नदीकाठावरून उडी मारून येत नाही, ते नाल्यानं उलटं चढतं, गटारांतून वर येतं, सखल प्लॉटमध्ये पसरतं आणि त्याच वाटेनं परत जातं. वाटेवरच्या दोन-चार प्लॉटवर पाच-पाच फूट मुरूम पडला की येणारं पाणी उरलेल्या घरांकडं वळतं, आणि जाणाऱ्या पाण्याचं तोंड बंद होतं. नदी उतरली तरी गल्ली उतरत नाही. सांगलीपाशी कृष्णेला उतार मुळातच फार कमी, पाणी ओसरायला आधीच वेळ लागतो. त्यात पुराचं पाणी दोन दिवस राहिलं तर घर धुऊन घेता येतं. आठ दिवस राहिलं की मातीच्या भिंती बसतात, दारं फुगतात, धान्याला असा वास सुटतो की नाकातून महिनाभर जात नाही. 2021 ला आमच्या मागच्या अंगाच्या दोन घरांत पाणी माझ्या घरापेक्षा तीन दिवस जास्त राहिलं. दोन्ही घरं माझ्याइतक्याच उंचीवर आहेत. फरक एवढाच, की 2019 नंतर त्यांच्या आणि नाल्याच्या मध्ये मुरूम पडला.

म्हणूनच ‘माझ्या जागेत मी काय करायचं’ हा प्रश्न पूरपट्ट्यात अपुरा पडतो. जमीन तुमची आहे, पण तिच्यावरून जाणारा पाण्याचा हक्काचा रस्ता तुमचा एकट्याचा नाही. शेतात बांधावरून पाट जात असेल तर तो बुजवायचा अधिकार सात-बाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतो का? गावात त्यावरून डोकी फुटतात, आणि कुणी असं म्हणत नाही की बाबा, जमीन त्याची, बुजवू दे. शेतातल्या वाफ्याला जे कळतं ते शहरातल्या प्लॉटला का कळू नये?

आपल्या वाडवडिलांना ते कळत होतं. कृष्णाकाठची जुनी गावं पाहा. गावठाण उंचवट्यावर, खाली नदीलगत मळीची जमीन. मळीत वांगी, काकड्या, भाजी. पूर आला की पीक जायचं, गाळ मिळायचा, पुढच्या हंगामात तीच मळी दामदुपटीनं परत द्यायची. मळीत कुणी चूल मांडली नाही. जुन्या वाड्यांची जोती चार-चार फूट दगडी, आणि माळ्यावर धान्याची कणगी. नृसिंहवाडीला तर पुरासाठी सगळी रीतच बसवलेली आहे. पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिण दारातून बाहेर पडतं, त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो, स्नानाला गर्दी करतो. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवतात. पूर येणार हे धरूनच तिथं देवाचीही सोय केलेली आहे. दर पावसाळ्यात हा सोहळा भक्तिभावानं पाहणारे आपण, स्वतःच्या घराचा आराखडा मात्र पूर येणारच नाही असं धरून काढतो.

कुणी म्हणेल, जुन्या काळी माणसं थोडी होती, उंचवटा पुरत होता. आज कुठं जायचं? मग पुण्याकडे बघा. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्या धक्क्यानंतर पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती उंचावर उभ्या राहिल्या. हजारो कुटुंबांना नदीपासून लांब नेणं तेव्हाच्या गरीब राज्यालाही जमलं होतं. पुढं साठ वर्षांत काय झालं? मुठेच्या काठाला पुन्हा इमारती लागल्या आणि जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. लोकांना हलवता येतं, पण मोकळी झालेली जागा मोकळी ठेवायला रेषा लागते आणि ती राखणारं कुणीतरी लागतं. ती राखली नाही तर पुनर्वसनाचा सगळा खर्च पाण्यात.

मग आजची नियमावली बरोबर आहे का? नाही, आणि मालकांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी नेमका इथं घाव घालायला हवा होता. नियम असा आहे, की एखाद्या प्लॉटचा काही भाग पूररेषेत आणि काही बाहेर असेल, तर आतल्या भागाचा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जागेच्या मानानं किती बांधता येतं ते प्रमाण, बाहेरच्या भागावर वापरता येतो. दोन एकरवाल्याचं यात काहीच जात नाही. तो नदीकडं बाग करतो, रस्त्याकडं दोन मजले जास्त चढवतो. पण ज्याचा सव्वा गुंठा संपूर्णच निळ्याच्या आत आहे त्याच्याकडं ‘बाहेरचा भाग’ कुठून येणार? त्याचा निर्देशांक हवेत विरतो. तसंच, निषिद्ध पट्ट्यातलं जुनं घर पाडून पाटबंधारे खात्याच्या ना-हरकतीनं लाल पातळीच्या वर नव्यानं बांधायची मुभा आहे, पण ती अधिकृत मिळकतींना. म्हणजे परवानगीचा वाडा उंच होऊ शकतो, आणि बिनपरवानगीचं पत्र्याचं घर, ज्याला उंच व्हायची गरज जास्त, ते कायमचं जमिनीलगत राहणार. हा उघड अन्याय आहे. याच्यावर मोर्चा निघाला तर मी पुढं चालेन. पण मोर्चाची मागणी ‘रेषा मागे सरकवा’ अशी असते, आणि रेषा सरकली की तोच बिल्डर आधी पुढं सरकतो.

रेषा सरकवण्याची आपल्याला सवय लागलीय. गुंठेवारीचं, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं बिनपरवाना पाडलेल्या प्लॉटचं, उदाहरण सांगलीला तोंडपाठ आहे. 2001 च्या कायद्यानं 1 जानेवारी 2001 पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची ठरवली. शेवटची संधी म्हणून. 2021 मध्ये ती तारीख झाली 31 डिसेंबर 2020. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी परवडत नसताना नियमानं घर बांधलं त्यांनी यातून काय शिकायचं? मी गुंठेवारीतल्या लोकांना दोष देत नाही. हमाल, रिक्षावाले, हळदीच्या गोदामात राबणाऱ्या बायका, यांना शहरात तेवढीच जागा परवडत होती आणि ती विकणारा खिशात पैसे घालून केव्हाच गेला. ‘पाडून टाका’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. या माणसांनी हावेनं नदीत घर घातलं नाही. उंचावरची जमीन त्यांच्या आवाक्यातच येऊ दिली गेली नाही. त्यांना विश्रामबागच्या बाजूला तेवढीच जागा द्या आणि मग म्हणा हलत नाहीत म्हणून.

माझ्या मागण्या साध्या आहेत. निळ्यातल्या लहान मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क द्या, जो तो शहरात दुसरीकडं विकू शकेल, आणि मोकळी झालेली जागा त्याच दिवशी मळी म्हणून नोंदवा. लाल पट्ट्यात उंची गाठायची तर खांबांवर गाठा, मुरुमावर नको. आणि जिथं भराव टाळताच येत नाही तिथं तेवढीच खोदाई त्याच ओहोळाच्या काठी करून द्या. सरकारी रस्त्यालाही हाच नियम, जिथं भराव तिथं पुरेशा मोऱ्या. केंद्रानं पूरमैदान विभागणीचा नमुना कायदा 1975 मध्ये राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्यांनी तो केला. कृष्णा, पंचगंगा, वाशिष्ठी एवढं भोगलेल्या महाराष्ट्रानं परिपत्रकांवर का भागवावं? आणि एक गोष्ट तर उद्यापासून करता येईल, तिला कायदाही लागत नाही. प्रत्येक परवान्यावर आणि प्रत्येक खरेदीखतावर ठळक अक्षरांत एक आकडा लिहा: आयर्विनवर किती फूट झाले की या जागेत पाणी येतं. रंगीत नकाशे वाचायला वास्तुविशारद लागतो. ‘त्रेचाळीस फूट’ हे सांगलीत पाचवीतल्या पोराला कळतं.

आमच्या मागच्या नाल्यालगतचा तो मुरूम एका तरुण मुलानं टाकलाय. मी हरकतीचा अर्ज दिला, तेव्हा तो संध्याकाळी घरी आला. मला वाटलं भांडायला आला. तो बाहेरच्या खोलीत बसला, भिंतीवरच्या खुणा बघत राहिला. म्हणाला, “काका, वडिलांनी दीड गुंठा घेतला तेव्हा निळी-लाल काही सांगितलं नव्हतं कुणी. परवाना नाकारला. विकायला गेलो तर कुणी घेत नाही. तुमचं बरोबर आहे, तुमच्या घरात पाणी येतंय. पण मग मी काय करू ते तरी सांगा.” मी त्याला खांबांचं सांगितलं, त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला की निषिद्ध पट्ट्यात नवे खांबही चालत नाहीत, तो विचारून आलाय. त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण आजच्या नियमात ते नाही. हिनं चहा टाकला. जाताना त्यानं विचारलं, सर्वांत वरची खूण कुठल्या सालची. मी हरकत मागे घेतलेली नाही, आणि त्यानं मुरूम उचललेला नाही. त्याच्यावर आता गवत वाढलंय.